मावा आहे, मारू नये

रोपं मेली की सर खूश व्हायचे.

कामावरच्या पहिल्याच दिवशी मी त्यांना शोधत शेतावर पोचले, तर समोर लसूणघासाचा दोन बिघ्यांचा प्लॉट, त्यातली अर्धी रोपं काळी पडून आडवी झालेली, आणि बांधावर एक उंच, किडकिडीत गृहस्थ गड्यांना पेढे वाटतायत. मला वाटलं, घरात बारसं-बिरसं असेल. मीही एक पेढा तोंडात टाकला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "काय आनंदाची बातमी, सर?"

"तेरा नंबरची ओळ पूर्ण गेली," ते म्हणाले. "बिल्कुल साफ! एक रोप वाचलं नाही. घ्या, अजून एक घ्या."

पेढा घशात अडकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. शेतकी कॉलेजात चार वर्षं मी रोपं जगवायला शिकले होते, आणि नवऱ्याच्या बदलीपायी दिल्लीत येऊन मिळालेली पहिली नोकरी ही अशी! संध्याकाळी घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, "माणूस वेडा आहे. सहा महिन्यांच्या वर मी काही तिथे टिकत नाही." टिकले पुरी तीस वर्षं.

वेडे ते नव्हतेच, असं मी म्हणणार नाही. पण त्या वेडाला पद्धत होती. आमचं केंद्र चाऱ्यावर संशोधन करणारं, आणि सर तिथले लसूणघासाचे पैदासकार, म्हणजे नवे वाण काढणारे. लसूणघास म्हणजे गुराढोरांचं पक्वान्न. हरियाणात त्याला रिजका म्हणतात. हिरवा कापून घातला तर जनावर दूध देतंच, पण उन्हात वाळवून, गठ्ठे बांधून ठेवला तर वैशाखात, कुठे हिरवं पान दिसत नाही तेव्हाही पुरतो. अडचण एवढीच, की वाळवताना पानं गळून नुसत्या काड्या हातात राहतात, आणि त्याच्याही आधी, थंडी सरता सरता, मावा पडतो. मावा म्हणजे देठांना चिकटून रस पिणारी बारीक काळी कीड. पान चिकट होतं, चिकटावर काळी बुरशी चढते, आणि असा चारा वाळवला तर गठ्ठ्यात कुजतो. मग शेतकरी काय करणार? औषध फवारतो. सर तिथेच भडकायचे. "फवारलेला चारा गाय खाते, आणि तिचं दूध तुम्ही तुमच्या पोराला पाजता. मग फवारा कोणाच्या पोटात गेला, सांगा बरं?"

त्यांना औषध लागणारच नाही असा वाण काढायचा होता. त्याची रीत एकच. हजारो रोपं लावायची, आपण होऊन त्यांच्यावर मावा सोडायचा आणि हाताची घडी घालून बघत बसायचं. मरतील ती मरतील. जी उभी राहतील त्यांचं बी धरायचं, ते पुन्हा लावायचं, पुन्हा मावा सोडायचा. असं वर्षामागून वर्ष. एखादं लुकडं रोप शेवटचे आचके देत असलं की माझा जीव कळवळायचा. गुपचूप तांब्याभर पाणी घालावंसं वाटायचं. सर लांबूनच ओरडायचे, "बाई, दया रोपावर नाही करायची, वाणावर करायची!" हे वाक्य मला पाठ झालं होतं, पण कळायला पुढे एक मोठी चूक करावी लागली.

मावा ते घरी पाळायचे. पहाडगंजात, स्टेशनच्या पलीकडच्या एका गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. जन्म तिथलाच, शाळाही तिथलीच, मराठी माध्यमाची. लग्न केलेलं नव्हतं. "राहून गेलं," म्हणायचे. जसं काही दळण आणायचं राहून गेलं. गच्चीवर पंधरा-वीस कुंड्यांत लसूणघास, त्यावर खचाखच मावा, आणि जिन्याच्या तोंडाशी खडूने लिहिलेली पाटी, वर मराठीत आणि खाली हिंदीत: 'मावा आहे, मारू नये.' खोलीत भिंतीपासून खिडकीपर्यंत दोरी, दोरीवर घासाच्या जुड्या वाळत घातलेल्या, आणि प्रत्येक जुडीखाली वर्तमानपत्र पसरलेलं. कोणत्या जुडीची किती पानं गळतात ते रोज सकाळी सोनाराच्या काट्यावर तोलायचे. वाऱ्याने पानं पडतील म्हणून पंखा लावायला बंदी. मे महिन्यात! दिल्लीच्या मे महिन्यात! मी एकदा चहाला गेले तर घामाने निथळत बसलेय आणि सर दोरीकडे बघत कौतुकाने म्हणतायत, "बघा, सात नंबर अजून पान सोडत नाहीये. कमाल आहे की नाही?"

थंडी ओसरू लागली की हा मावा बुटाच्या खोक्यातून शेतावर यायचा. दोन बस बदलून दीड तासाचा प्रवास. एकदा कंडक्टरने विचारलं, "इसमें क्या है?" सर खोटं कधी बोलायचे नाहीत. "कीड़े हैं," म्हणाले. आजूबाजूच्या चार सीटा रिकाम्या झाल्या. सरांनी खोकं शेजारी ऐसपैस ठेवलं, खिडकीची काच लावून घेतली, कारण वारा लागतो त्यांना, आणि मजेत आले.

मराठी त्यांची दिल्लीत वाढलेल्या माणसाची. खताला 'खाद', बांधाला 'मेंड', आणि दर दोन वाक्यांनी एक 'अच्छा'. पण नव्या शब्दाची हौस दांडगी. मी एकदा एका रोपाला 'तरारलंय' म्हटलं तर त्यांनी मला थांबवलं, शब्द दोनदा म्हणून बघितला आणि दिवसभर प्रत्येक रोपापाशी उभं राहून "हे तरारलंय? आणि हे?" असं विचारून मला हैराण केलं.

त्याच सुमाराला देशात सगळं खुलं झालं होतं. रोज नवी गाडी, नवा टीव्ही, नवी कंपनी. नोएडातल्या एका नव्या कोऱ्या बियाण्यांच्या कंपनीने सरांना मुलाखतीला बोलावलं. मोटार देणार होते, घरी फोन देणार होते. मी आमच्या ह्यांचा टाय आणून त्यांना बांधायला लावला. संध्याकाळी परत आले ते हातात काडेपेटी घेऊन. झालं असं, की त्या काचेच्या इमारतीत शिरल्या शिरल्या स्वागताच्या टेबलावर शोभेचं एक झाड होतं. सरांनी खिशातलं भिंग काढून पान उलटं केलं तर खाली कीड. टेबलामागच्या मुलीला म्हणाले, "माचिस मिलेगी?" ती बिचारी घाबरली. कंपनीचे साहेब बाहेर येऊन बघतात तर हे गुडघे टेकून काडेपेटीत कीड भरतायत. मुलाखत झाली म्हणे. "कंपनीला तुम्ही काय देऊ शकाल?" असं विचारलं, तर सरांनी काडेपेटी पुढे केली. नोकरी अर्थातच गेली. टाय तेवढा परत मिळाला.

ते खोटं बोलायचे नाहीत, हे मघाशी मी सहज म्हटलं, पण ती त्यांची सगळ्यात मोठी खोड होती. प्लॉटची एक वही असते. काय लावलं, पाणी कधी दिलं, किती मेली, सगळं तिच्यात. सर ती वही उशाला घेऊन झोपत असणार, अशी आमची खात्री होती. गड्याचा पाय पडून रोप मेलं, तर 'पायाखाली मेले' अशी नोंद. स्वतः घसरून पडले, तर 'मी पडलो, तीन रोपे मोडली, ही तीन धरू नयेत.' वहीत आहे ते घडलं, वहीत नाही ते घडलंच नाही. चौधरी म्हणून शेजारच्या गावचा आमचा मुकादम होता, तो म्हणायचा, "डॉक्टरसाब की कापी में तो भगवान बी झूठ ना लिखवा सकै."

मी लागल्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी अजून प्रोबेशनवर होते. सर त्या मे महिन्यात निवृत्त होणार होते आणि वाण अजून कच्चा होता. निदान दोन वर्षं हवी होती. फेब्रुवारीअखेर पाहणी समिती येणार, प्लॉट बघणार, आणि तिने शिफारस केली तर सरांना दोन वर्षांची मुदतवाढ. नाही केली, तर बावीस वर्षांचं काम दुसऱ्या कोणाच्या तरी कपाटात. स्वतःसाठी सरांनी काही मागितलेलं मी एकदाच ऐकलं, चहा ढवळता ढवळता. "दोन वर्षं, बाई. दोनच. मग मला काही नको."

आणि समितीच्या तोंडावर पाच दिवस ते भाचीच्या लग्नाला नागपूरला गेले. परतीची गाडी समितीच्या दिवशीच सकाळी पोचणार होती.

शेतात मावा ऐन भरात होता. सगळं काळं, चिकट, मेलेलं. उभं राहवत नव्हतं. अध्यक्ष म्हणून येणार होते ते गव्हातले तज्ज्ञ, डोळ्यांना हिरव्यागार शेताची सवय झालेले. मला रात्रंदिवस एकच दिसत होतं. हा माणूस येणार, नाकाला रुमाल लावणार, आणि आमच्या सरांची दोन वर्षं गेली. आपल्याकडे पाहुणे येणार म्हटलं की घर आवरतात. मी शेत आवरलं. औषध आणवलं, चौधरीकडून सगळा प्लॉट फवारून घेतला, मेलेली रोपं उपटली, दुसऱ्या दिवशी उरलेली पाण्याने स्वच्छ धुतली आणि पाटाचं पाणी दिलं. चौधरी फवारणीचा पंप पाठीवर घेता घेता थांबला. "मैडम, डॉक्टरसाब नै बेरा पाट गया तो?" म्हणजे, साहेबांना कळलं तर?

"आठ दिवसांत मावा परत येतो," मी ठणकावून सांगितलं. "मी सांगेन त्यांना नंतर."

आणि मी काही अगदीच मूर्ख नव्हते हो. जुन्या वह्यांत नोंदी होत्या, दरवर्षी तो यायचाच. पावसाने झोडपला तरी आजूबाजूच्या गावांच्या शेतांतून उडत उडत परत यायचा. मी फक्त मान वर करून आजूबाजूला बघितलं नाही. त्या वर्षी आजूबाजूला शेतंच उरली नव्हती. जमिनी ताब्यात गेल्या होत्या, जिकडे तिकडे लाल डोक्याच्या खुंट्या, सेक्टरांच्या पाट्या, खडीचे रस्ते. किकराच्या, म्हणजे बाभळीच्या झाडाखाली टेबल टाकून प्रॉपर्टी डीलर बसलेला असायचा. आज तिथे द्वारका नावाचं दिल्लीचं उपनगर आहे. आमचा प्लॉटही त्या जूनमध्ये जायचा होता. एवढं सगळं डोळ्यांसमोर असून मला सुचलं नाही, की मावा यायचा तो आता येणार कुठून.

समिती आली तेव्हा प्लॉट लग्नघरासारखा दिसत होता. अध्यक्ष खूश. "वा! कीड सोडलेला प्लॉट आणि इतका हिरवा! हा वाण तर तयारच आहे." मी मनातल्या मनात हात जोडत होते, तेवढ्यात रिक्षा थांबली आणि सर उतरले. स्टेशनवरून थेट. एका हातात वळकटी, एका हातात लाडवांचा डबा. बांधावर आले, नमस्कार केले, आणि सवयीने एक पान उलटून बघितलं. मग दुसरं. मग खाली बसून भिंग लावलं. पान चुरगाळून हुंगलं. उठून त्यांनी आमच्याकडे बघितलं. चौधरी जमिनीकडे बघत होता. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, पण सरांना तेवढं पुरलं.

"हा प्लॉट बघू नका," ते अध्यक्षांना म्हणाले. "याच्यावर औषध पडलंय. या हिरवेपणाला काही अर्थ नाही."

"औषध? कोणी मारलं?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. पण त्याआधीच सर म्हणाले, "मीच. चुकून झालं." त्यांनी समितीसाठी मांडलेल्या टेबलावरची वही ओढली, सगळ्यांसमोर लिहिलं: 'प्लॉटवर माझ्या चुकीने फवारणी झाली. या हंगामाची निवड धरू नये.' खाली सही. अध्यक्ष बघतच राहिले. बावीस वर्षं कीड पाळणारा माणूस चुकून फवारतो? पण सही होती, तेव्हा बोलायचं काय? शेरा मारून समिती निघून गेली. निष्काळजीपणाचा.

आणि मी? मी गप्प राहिले. प्रोबेशन, नवीन संसार, सगळी कारणं तयार होती. पण खरं कारण एकच, मी घाबरले.

दुपारी मी त्यांच्या खोलीत जाऊन रडले. चांगलं हमसून हमसून. म्हटलं, "मला बोला, सर. काय वाट्टेल ते बोला."

"तुम्हाला कसं बोलणार?" सर म्हणाले. "वहीत माझं नाव आहे." चेष्टा नव्हती हं ती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. "आणि रडून काय होणार? रडून मावा येणार आहे का? चला, शोधायला लागू."

गच्चीवरचा सगळा मावा त्यांनी जानेवारीअखेरीसच शेतात सोडला होता. कुंड्या रिकाम्या होत्या. हातात महिना होता. एकदा ऊन तापलं की मावा आपोआप मरतो. मग आम्ही दिल्लीभर कीड मागत फिरलो. त्या आठवड्यात मराठी मंडळींचा कुठलासा कार्यक्रम होता. भाषणं झाली, पोरींचा नाच झाला, आणि आभाराच्या आधी सर सरळ मंचावर गेले आणि माईक हातात घेतला. "ज्यांच्या घरी, कुंडीत, परसात मावा पडला असेल, त्यांनी कृपया तो मारू नये. डब्यात घालून आम्हाला आणून द्यावा. डबा परत मिळेल." सभागृह फिसकन हसलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण माणसं काय गोड असतात! पुढच्या रविवारी पहाडगंजात त्यांच्या जिन्यावर रांग. कोणी गुलाबाची फांदी आणली, कोणी मोहरीचा शेंडा, कोणी कढीपत्ता. परभणीची एक मुलगी स्पर्धा परीक्षेसाठी येऊन राहिली होती, ती शेजारणीची शेवंती घेऊन आली आणि जाताना विचारते, "सर, ह्यावर प्रश्न येतो का हो?" सर एकेक डबा उघडत, भिंगाने बघत, आणि दर वेळी तितक्याच अदबीने सांगत, "हा मोहरीवरचा. लसूणघास खात नाही. पण आणलात, मेहरबानी." मला तर कोणाकडे बघवेना. माझ्या एका फवाऱ्यापायी हा म्हातारा जिन्यात बसून गावाचे डबे धुऊन परत देत होता.

मिळाला तो कॅन्टोन्मेंटात. साताऱ्याकडच्या एका सुभेदारीणबाईंनी क्वार्टरच्या कुंपणावर वालाचा वेल चढवला होता, गावाकडून बी आणून. सगळा वेल काळाठिक्कर. सरांनी भिंग लावलं आणि ते हसायलाच लागले. वालावरचा मावा लसूणघासावरही जगतो.

"वहिनी, हा सगळा देता?"

"न्या की!" बाई कडाडल्या. "राख टाकून टाकून हात दुखाय लागले माझे. एवढी कीड पडलीय आन तुम्ही हसताय काय? न्या, पर परत आणू नगा."

पोत्यात वेल भरून आम्ही रिक्षाने निघालो. वाटेत मावा सरांच्या कॉलरवर चढला, कानात शिरला. मी झटकायला हात उचलला तर केवढ्याने ओरडले, "झटकू नका! उचला, उचलून पोत्यात ठेवा." तसं मी पहाडगंज येईपर्यंत माझ्या साहेबांच्या मानेवरची कीड टिपत बसले होते. लोक काय म्हणत असतील, कोण जाणे.

आठवडाभर गच्चीवर वाढवून आम्ही तो शेतात सोडला. एकेका रोपावर, रंगाच्या कुंचल्याने. आमचे हेही रविवारी येऊन वाकले. मावा लागला, वाढला, आणि मार्च संपता संपता प्लॉट पुन्हा काळा झाला. हिरवी, टवटवीत, अध्यक्षांनी वाखाणलेली रोपं पटापट आडवी झाली. शेवटी उभी राहिली ती शंभर-सव्वाशे. सर त्यांच्यामधून चालत होते, एकेकाला बोट लावत होते. "फवाऱ्याखाली सगळी सारखीच दिसत होती, बाई," ते म्हणाले. "आता ओळख पटली." वाणावर दया करायची म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

पण समिती परत आली नाही. शेरा होता, मुदतवाढ नाकारली गेली. मे महिन्यात सरांना हार-नारळ मिळाला. जूनमध्ये जमीन जायच्या आधी आम्ही ती रोपं मुळांसकट खणून, तुपाच्या रिकाम्या डब्यांत लावून केंद्राच्या आवारात आणली. आणि सर रोज येतच राहिले. बिनपगारी, त्याच दोन बस बदलून. आता ते नोकर नव्हते, त्यामुळे फाटकावरचा शिपाई त्यांना पाहुण्यांच्या वहीत सही करायला लावायचा. 'कोणाला भेटायचे?' या रकान्यात सर रोज लिहायचे, 'घास.' मला खिडकीतून ते दिसायचं आणि चहा कडू लागायचा. मी कितीदा म्हटलं, "सर, मी वर जाऊन खरं सांगते." ते म्हणायचे, "वहीत नोंद झालीय. विषय संपला." आणि मी, खरं सांगते, दर वेळी सुटल्यासारखी परत यायचे.

सरकारी काम. बी वाढवा, गावोगावच्या केंद्रांत लावून बघा, अहवाल पाठवा, अहवाल हरवला म्हणून पुन्हा पाठवा. पंधरा वर्षं गेली. सर थकले, नोएडात भाचीकडे राहायला गेले. तोवर विभाग माझ्याकडे आला होता, आणि वाण प्रसारित करण्याचा प्रस्ताव मीच पाठवला. पैदासकार म्हणून सरांचं नाव. नव्या समितीने जुन्या वहीच्या त्या पानावर नेमकं बोट ठेवलं. निवडीच्या हंगामात ज्याने स्वतःच फवारलं, त्याच्या निवडीवर विश्वास कसा ठेवायचा? वाण चांगला आहे, घेऊ. पण यांचं नाव नको, केंद्राचं घाला.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, उगाच ताणत नाही. वाण सरांच्याच नावाने निघाला. मला लेखी ताकीद मिळाली, ती निवृत्तीपर्यंत माझ्या फाइलीत होती. मला सांगायचंय ते त्याच्या आधीच्या एका रविवारचं.

मी ती वही घेऊन द्वारकेहून मेट्रोने नोएडाला गेले. सर खिडकीपाशी बसले होते. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली, पान उघडलं आणि म्हटलं, "हे बदलायचं."

"कशाला आता?"

"तुमचं नाव काढतायत म्हणून."

"काढू दे. घास तर राहतोय ना?"

"सर, ही ओळ खोटी आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "तुम्ही लिहिलेली खोटी ओळ आहे ही."

त्यांनी बोटाने ती ओळ चाचपली. मग हळूच म्हणाले, "मला माहीत नाही का? पंधरा वर्षं टोचतेय ती. तुम्ही प्रोबेशनवर होतात, काढून टाकलं असतं तुम्हाला. पण आता ही खोटी म्हटली, तर बाकीच्या वह्या खऱ्या कोण मानेल?"

"एकच आहे ना?"

"एकच, बाई. शपथ."

"मग ही दुरुस्त झाली की सगळ्या खऱ्याच झाल्या."

भाचीने ठेवलेल्या चहावर साय धरली. मग सरांनी पेन मागितलं. त्या ओळीवर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी तारीख घालून सही केली. मी खाली लिहिलं: 'फवारणी मी केली. सर गावाला गेले होते. त्यांना विचारले नव्हते.' सही केली. सरांनी ते दोनदा वाचलं, शाईवर फुंकर घातली, वही मिटली आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"अक्कल गहाण टाकली होती का तुम्ही?" ते इतक्या मोठ्याने ओरडले की भाची स्वयंपाकघरातून धावत आली. "पाहणीच्या तोंडावर कोणी फवारतं? पाच दिवस! फक्त पाच दिवस गेलो होतो मी! मला विचारायचं नाही? तार करता येत नव्हती? बावीस वर्षं एक थेंब पडू दिला नव्हता मी त्या जमिनीवर, आणि तुम्ही धुऊन काढलंत? धुऊन?"

"चुकलं, सर."

"चुकलं काय चुकलं! दोन वर्षं मिळाली असती मला! दोनच मागितली होती!" त्यांचा आवाज चिरकला. डोळे पुसले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

भाची घाबरून मला खुणावत होती, की उठा, जा आता. मी उठले नाही. पंधरा वर्षं मी हे बोलणं ऐकायला टपले होते. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलले नाही, आणि ते दमले तेव्हा आत जाऊन त्यांना पाणी आणून दिलं.